नदीतले गुळगुळीत, बारीक कणांचे दगड ओळखायचे कसे? (फोटो नाहीत, वर्णन देतेय)

काठावरची

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसतीच वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. मला नदीकाठी फिरताना दगड उचलायची सवय आहे. दोन-तीन वर्षांत बऱ्यापैकी गोटे जमलेत आणि आता ते नुसते छान दिसतात म्हणून ठेवायचे नाहीत, ते काय आहेत हे समजून घ्यायचंय. पण अडचण अशी की पुस्तकात जे सांगतात स्फटिक बघा, चकाकी बघा, भोकं बघा, तसलं माझ्या दगडांत काही दिसतच नाही. कण दिसत नाहीत, चमक नाही, नुसते मऊसूत गुळगुळीत. पाच दगडांचं वर्णन करते:

१. काळाभोर, अंड्याएवढा, हातात घट्ट वाटतो, ओला केला की चेहरा दिसेल असं वाटतं.
२. करडा, त्यातून पांढऱ्या बारीक रेघा गेल्यात, एक जाड आणि तिला छेदणाऱ्या दोन-तीन पातळ.
३. पिवळसर मातकट, चपटा, त्यावर तपकिरी वळणावळणाच्या रेषा, अगदी लाकूड कापल्यावर दिसतात तशा.
४. विटकरी लाल, हातात घेतला की बोटांना किंचित लाल लागतं.
५. हिरवट करडा, पातळ, चकतीसारखा.

मला एकाने ठामपणे सांगितलं की गुळगुळीत आहे म्हणजे गाळाचाच खडक. हे खरं आहे का?

भिंगवाला

ताई, फार चांगला प्रश्न आहे आणि शेवटच्या वाक्याचं उत्तर आधी देतो कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. नाही, हे खरं नाही. गुळगुळीतपणा हा नदीने दिलेला आहे, तो दगडाचा स्वतःचा गुण नाही. ग्रॅनाइट, बेसॉल्ट (लाव्हा थिजून झालेला), क्वार्टझाइट (वालुकाश्म तापून-दाबून घट्ट झालेला) काहीही नदीत टाका, पुरेसं घरंगळलं की ते गुळगुळीतच होणार. आणि हे कामही पाण्याचं नाही, पाण्याबरोबर वाहणारी वाळू आणि गाळ घासतात आणि दगड एकमेकांवर आपटतात त्यातून होतं. म्हणजे बाहेरचा पृष्ठभाग तुम्हाला प्रवासाची गोष्ट सांगतो, खडकाची नाही. खडकाची गोष्ट आतमध्ये आहे.

म्हणून पहिलं काम, प्रत्येक दगडाचा एक छोटा ताजा तुकडा काढा. दगड जाड कापडात गुंडाळा, डोळ्यांना गॉगल लावा (साधा चष्मा पुरत नाही, बाजूने कपची शिरते), आणि कडेवर हातोडी मारा, मधोमध नाही. नखाएवढी कपची निघाली तरी पुष्कळ झालं. जो दगड फोडायचा जीव होत नाही, त्याला आधीच कुठे टवका गेलाय का बघा, बहुतेक वेळा असतो.

मग त्या ताज्या जागेकडे १०एक्स (दहापट मोठं दाखवणाऱ्या) भिंगातून बघा. भिंग डोळ्याजवळ धरायचं आणि दगड भिंगाजवळ आणायचा, उलटं नाही, बरेच जण भिंग दगडाजवळ धरून लांबून बघतात आणि म्हणतात काही दिसत नाही. कणांच्या मापाची जी पट्टी भूशास्त्रात वापरतात ती वेंटवर्थची, १९२२ ची. तिच्यात २ मिमीपासून १/१६ मिमीपर्यंत वाळू, त्याखाली १/२५६ मिमीपर्यंत सिल्ट आणि त्याहून बारीक ती चिकणमाती. वाळूचे कण भिंगातून सुटे सुटे दिसतात. सिल्टमध्ये सुटे कण मोजता येत नाहीत पण पृष्ठभाग खरबरीत, अगदी बारीक साखर पसरल्यासारखा वाटतो. चिकणमातीच्या खडकात काहीच दिसत नाही, नुसता मॅट सपाट रंग. एवढं बघून परत लिहा, पाचही दगडांचं.

संथवाहिनी

वाचतेय. माझ्याकडेही असेच "काहीच दिसत नाही"वाले दगड आहेत.

गारगोटी

भिंगवाले काकांनी सांगितलंय त्यात माझी भर, ओरखडा चाचणी. बारीक कणांच्या दगडात डोळ्यांपेक्षा हाच जास्त उपयोगी पडतो. मोह्स ही कठीणपणाची १ ते १० ची पट्टी. तिच्यावर नख साधारण २.५ चं, तांब्याचं नाणं ३ ते ३.५, साधी स्टीलची सुरी किंवा काच ५.५ च्या आसपास आणि क्वार्टझ (गारगोटीचं खनिज) ७. चुनखडकातला कॅल्साइट ३ चा, म्हणजे सुरीने सहज ओरखडतो. चर्ट म्हणजे सिलिकाचा खडक ६.५ ते ७, त्याला सुरीचं काही चालत नाही.

पण इथे एक फसगत होते आणि मीही सुरुवातीला तिच्यात अडकलोय. कठीण दगडावर सुरी ओढली की एक करडी रेघ उमटते आणि आपल्याला वाटतं ओरखडा गेला. तो ओरखडा नसतो, ती सुरीची धातू दगडावर घासून लागलेली असते! ओल्या बोटाने चोळा, मग नखाने रेघेवरून आडवं जा. खाच लागली तर ओरखडा, नुसता चकचकीत पट्टा राहिला तर दगड सुरीपेक्षा कठीण. मी याच चुकीने एक अख्खा डबा चर्ट "चुनखडक" म्हणून लेबल लावून ठेवला होता, सगळा परत काढावा लागला.

आणि शक्यतो ताज्या जागेवरच करा, बाहेरची साल कधीकधी झिजून, हवापाण्याने मऊ पडलेली असते.

काठावरची

केलं! संध्याकाळ याच्यातच गेली. निकाल:

१ नंबर काळा: फोडायला खूप जड गेला, कपची निघाली ती इतकी धारदार की कापड कापलं गेलं. कण शून्य. तुटलेल्या जागी शिंपल्यावर असतात तसे वळसे आहेत. सुरीची चकचकीत रेघ राहिली, खाच नाही.
२ नंबर करडा: कण दिसत नाहीत, सुरीने खाच पडली आणि पांढरी भुकटी निघाली. पांढऱ्या रेघाही सुरीने ओरखडल्या.
३ नंबर पिवळसर: साखर पसरल्यासारखं म्हणालात ना काका, अगदी तसंच. सुरीने ओरखडला पण करकर आवाज आला.
४ नंबर लाल: नाण्यानेसुद्धा ओरखडला, भुकटी लालच.
५ नंबर हिरवट: सुरीने ओरखडतो, थोडा जोर लागतो. भिंगातून अगदी पातळ पातळ थर दिसतात, कडेने.

भिंगवाला

वा, किती नीट केलंत. आता २ नंबरवर ॲसिड. घरातलं पांढरं व्हिनेगर चालेल, पण ते फार सौम्य असतं म्हणून सरळ दगडावर टाकलं तर बऱ्याचदा काही होत नाही आणि माणूस चुनखडक नाही असं ठरवून मोकळा होतो. आधी सुरीने खरवडून भुकटी करा, भुकटीवर दोन थेंब टाका आणि भिंगातून बघा. सगळे बुडबुडे बारीक असतात, घाई करू नका. भूशास्त्राचे लोक १० टक्के हायड्रोक्लोरिक वापरतात, त्याने कॅल्साइट थंडच जोरात फसफसतो, डोलोमाइट (कॅल्साइटचा मॅग्नेशियमवाला भाऊबंद) मात्र भुकटी केल्याशिवाय नीट फसफसत नाही. पण ते ॲसिड घरी आणायचा हट्ट करू नका, आणि कोणी वापरतच असेल तर नेहमी पाण्यात ॲसिड घालायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही, हातमोजे आणि गॉगल.

अजून एक, फसफसलं म्हणजे अख्खा दगड चुनखडक असं लगेच धरू नका. वालुकाश्मातले कणसुद्धा कॅल्साइटने चिकटलेले असू शकतात, आणि दगडात फक्त पांढऱ्या रेघा कॅल्साइटच्या असू शकतात. म्हणून रेघ वेगळी तपासा आणि करडा भाग वेगळा.

फिशटँक

ही ॲसिड टेस्ट न केल्याचा माझा कटू अनुभव सांगतो. नदीतले करडे गुळगुळीत दगड सुंदर दिसतात म्हणून नुसते धुऊन माशांच्या टाकीत ठेवले. काही आठवड्यांत पाण्याची हार्डनेस चढली, पीएच चढला, पाणी बदललं तरी परत चढायचं, मऊ पाण्यातले मासे सुस्त झाले, दोन गेलेच. कारण काय तर सगळे चुनखडक, हळूहळू विरघळत होते. त्यानंतर मी एकही दगड भुकटी आणि ॲसिड केल्याशिवाय टाकीत टाकत नाही. ज्यांना कोणाला टाकीसाठी दगड हवेत त्यांनी चर्ट, क्वार्टझाइट, बेसॉल्ट यातलं काहीतरी घ्या, चुनखडक फक्त कठीण पाण्याच्या माशांना.

काठावरची

फिशटँक, वाईट वाटलं वाचून.

२ नंबरचं केलं. आधी सरळ थेंब टाकला, काहीच नाही, मी जवळजवळ सोडून देणार होते. मग खरवडून भुकटीवर टाकला आणि भिंग लावून बसले. पहिल्यांदा भुकटीच्या कडेने मोत्यासारखे इवले बुडबुडे लागले, मग एकेक सुटून वर यायला लागले, आणि थेंबाचा पृष्ठभाग थरथरतोय असं दिसायला लागलं. मी आईला हाक मारली बघायला! पांढऱ्या रेघेची भुकटी जास्त जोरात फसफसली, करडी जरा संथ पण नक्की फसफसली. म्हणजे चुनखडक आणि रेघा कॅल्साइटच्या, बरोबर?

भिंगवाला

अगदी बरोबर. बारीक चुनचिखल घट्ट होऊन झालेला चुनखडक आणि नंतर त्याला भेगा गेल्या, त्या भेगांतून पाणी फिरलं आणि कॅल्साइट बसला. आता रेघांचा क्रम वाचा. जी रेघ दुसरीला तोडून पुढे जाते ती नंतरची. म्हणजे तुमच्या दगडात जाड रेघ आधीची आणि पातळ नंतरच्या, हा दगड किमान दोनदा तडकलाय. एवढ्याशा गोट्यात एवढं वाचता येतं.

शिळाप्रेस

बारीक कणांच्या चुनखडकाचा विषय निघालाय तर राहवत नाही. जर्मनीतल्या झोल्नहोफेनचा चुनखडक हा या जातीचा राजा समजतात. इतका बारीक आणि एकसारखा की त्यावर छपाई करायचे, शिळाप्रेस. आलॉइस सेनेफेल्डरने १७९६ मध्ये ही पद्धत शोधली आणि लिथोग्राफी शब्दातला "लिथो" म्हणजे दगडच. आणि त्याच बारीक कणांमुळे तिथे आर्किऑप्टेरिक्सचं १८६१ मध्ये वर्णन झालेलं पीस जसंच्या तसं उमटलेलं सापडलं. भरड वालुकाश्मात पिसाची नक्षी टिकलीच नसती, वाळूचा एक कण पिसाच्या तंतूपेक्षा जाड! मला बारीक कणांच्या दगडांची ओढ याच्यामुळेच लागली, "काहीच दिसत नाही" असा दगड म्हणजे सगळ्यात बारीक अक्षरात लिहिलेला कागद.

वाळूचा_कण

सगळं वाचलं. पण १ नंबरबद्दल मला शंका आहे. काळा, बारीक कणांचा, कठीण, हा बेसॉल्ट का नाही? सगळे गाळाचा खडक धरून चाललेत.

गारगोटी

शंका रास्त आहे. मला चर्ट वाटतोय तो शिंपल्यासारख्या वळशांमुळे आणि कपचीच्या धारेमुळे. बेसॉल्टही कधीकधी तसा फुटतो पण बहुतेक वेळा तुटलेली जागा दाणेदार आणि मंद असते, चर्टसारखी मेणचट गुळगुळीत नसते.

वाळूचा_कण

"बहुतेक वेळा" वर मी समाधानी नाही. मी बारीक बेसॉल्ट पाहिलाय ज्याच्यात भिंगातूनही काही दिसत नव्हतं. काहीतरी मोजता येईल असं सांगा.

भिंगवाला

मोजता येतं. घनता काढा. बेसॉल्ट साधारण २.८ ते ३.० आणि चर्ट २.६ च्या आसपास, हा फरक घरच्या डिजिटल वजनकाट्यावर पकडता येतो. आधी कोरड्या दगडाचं वजन ग्रॅममध्ये लिहून घ्या. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्य करा. दगड दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असा अधांतरी धरा, तळाला किंवा भिंतीला टेकू द्यायचा नाही. काट्यावर जो आकडा येईल तो दगडाने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन, म्हणजेच घनसेंटिमीटरमध्ये दगडाचं आकारमान. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा. दगडाला चिकटलेले हवेचे बुडबुडे बोटाने काढून टाका नाहीतर आकडा चुकतो.

दुसरं, चुंबक. बेसॉल्टमध्ये बऱ्याचदा मॅग्नेटाइट हे लोखंडाचं चुंबकीय खनिज असतं, छोटं जोरदार चुंबक दोऱ्याला लटकवून दगडाजवळ नेलं तर ओढलं जातं. चर्टला काही होत नाही.

तिसरं, साल बघा. बेसॉल्ट गंजतो, त्यातलं लोखंड बाहेर तपकिरी होतं म्हणून तुटलेल्या कडेला तपकिरी-पिवळट पट्टा दिसतो. चर्टची साल बहुतेक पांढरट असते.

काठावरची

वाळूचा कण, तुमच्या शंकेमुळे हे सगळं करता आलं, मनापासून आभार.

कोरडं वजन १५७ ग्रॅम. पाण्यात अधांतरी ६०. तीनदा केलं, एकदा ६१ आलं तेव्हा दगड भांड्याला लागला होता. १५७ भागिले ६० म्हणजे २.६२. चुंबक ढिम्म हललं नाही. आणि टवक्याच्या कडेला बघितलं तर काळ्याभोवती केसाएवढा पांढरट पट्टा आहे, जो मी आजवर धूळ समजत होते.

वाळूचा_कण

२.६२ म्हटल्यावर माझा विरोध संपला. चर्ट. हातात धरून बघा आता, समुद्रतळाचा असेल तर त्यातला बराच भाग कधीकाळी रेडिओलॅरियासारख्या सूक्ष्म जिवांची काचेसारखी कवचं होता.

गारगोटी

आणि काळ्या चर्टवर भिंगातून अजून एक बघा, पृष्ठभागावर नखाच्या चंद्रकोरीसारख्या बारीक बारीक खुणा असतील. नदीत दुसऱ्या दगडावर आपटल्याच्या त्या. मऊ दगडावर अशा खुणा टिकत नाहीत, झिजून जातात. कठीण गोट्यावर मात्र प्रत्येक आपट लिहिलेली राहते.

मातीचा_वास

३ नंबरवर कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. मला त्या लाकडासारख्या रेषांत रस आहे. पहिल्यांदा बघणारा त्यांना थर समजतो. पण थर सरळ आणि समांतर असतात, आणि गोलाकार वळून स्वतःलाच मिळत नाहीत. तुमच्या रेषा जर एखाद्या भेगेच्या किंवा कडेच्या आकाराला धरून वळत असतील, कांद्याच्या पाकळ्यांसारख्या, तर ते थर नाहीत. दगड तयार झाल्यावर त्यातून लोखंड मिसळलेलं पाणी झिरपलं आणि लोखंडाचा गंज ठरावीक अंतरावर साचत गेला, त्यांना लीझेगांग कडी म्हणतात. खरे थर त्याच दगडात वेगळे सापडतील, कडेवर तिरकं ऊन पाडून बघा. बऱ्याचदा ते या कड्यांना सरळ आरपार छेदून जातात.

सिल्ट की चिकणमाती याची एक जुनी चाचणी आहे, आतली ताजी कणीएवढी कपची समोरच्या दातांमध्ये हलकी घासायची. सिल्ट असेल तर किरकिर होते, शुद्ध चिकणमाती असेल तर लोण्यासारखी लागते.

संथवाहिनी

दातात? नदीच्या पाण्याचा भरवसा नाही हो, कशाकशाचं पाणी येऊन मिळतं.

मातीचा_वास

अगदी बरोबर बोललात, म्हणूनच आतली ताजी कपची म्हटलं, बाहेरची नाही. आणि नको वाटत असेल तर नका करू. कपची काचेच्या तुकड्यावर घासा, सिल्टमधले क्वार्टझचे कण काचेवर बारीक ओरखडे काढतात आणि आवाज येतो, चिकणमाती नुसती घसरते. काठावरचीने करकर आवाज लिहिलाय, तेवढ्यावरूनच मी सिल्टस्टोन म्हणेन.

माझी आवडती चाचणी मात्र वेगळी आहे. दगडावर तोंडातली गरम वाफ सोडा आणि लगेच वास घ्या. चिकणमातीचा अंश असेल तर ओल्या मातीचा वास येतो. चर्टला काही येत नाही. माझं टोपणनाव त्यावरूनच घेतलंय.

काठावरची

वास आला!! ४ नंबरला सगळ्यात जास्त, ३ आणि ५ ला थोडा, १ ला अजिबात नाही. आणि ३ नंबरच्या कडेवर टॉर्च तिरका धरला तर खरंच सरळ फिकट रेषा आहेत आणि तपकिरी कडी त्यांना न जुमानता वळून जातायत. इतके दिवस चुकीच्या रेषा थर म्हणून बघत होते.

५ नंबरचं काय पण? चकतीसारखा आहे तो. कोणीतरी पाटीचा दगड म्हणजे स्लेट असेल म्हणालं.

भिंगवाला

चकतीचा आकार थरांमुळे येतो. १९३५ मध्ये झिंगने गोट्यांच्या लांबी, रुंदी, जाडीच्या गुणोत्तरावरून चार आकार पाडले, चकती, गोल, पातं आणि कांडी. एकजिनसी दगड घरंगळला की सगळ्या बाजूंनी सारखा झिजतो, थर असलेला दगड मात्र थरांवरून सुटतो म्हणून चपटाच राहतो. म्हणजे आकाराने थर आहेत एवढं कळतं, पण ते गाळाचे थर की दाबाने आलेली पाटीसारखी चीर हे कळत नाही.

स्लेट असेल तर दोन बोटांनी लटकवून दुसऱ्या दगडाने हळूच टकटक केल्यावर खणखणीत आवाज येतो, शेल किंवा मडस्टोन (दोन्ही चिखल घट्ट होऊन झालेले खडक) थबथब वाजतो. आणि स्लेटमध्ये फुटण्याची दिशा बऱ्याचदा मूळ थरांना तिरकी जाते, तुम्हाला रंगाचे पट्टे एका दिशेला आणि फुटीर पातळ्या दुसऱ्या दिशेला दिसतील. स्लेटच्या ताज्या फुटीवर रेशमासारखी हलकी झळाळीही असते. शेलमध्ये दोन्ही एकच आणि झळाळी नाही.

काठावरची

आवाज थबथबीत, पट्टे आणि फुटायची दिशा एकच, झळाळी नाही. ताज्या कडेला हात लावला तर किंचित खरबरीत.

भिंगवाला

मग सिल्टचं प्रमाण जास्त असलेला शेल. हिरवट रंग बहुतेक त्यातल्या क्लोराइट या हिरव्या खनिजाचा किंवा ऑक्सिजन नसताना राहिलेल्या लोखंडाचा. लाल रंग म्हणजे लोखंडाला ऑक्सिजन मिळाला, त्याचं हेमॅटाइट हे लाल खनिज झालं. काळ्या मडस्टोनमध्ये बहुधा कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांचा कार्बन असतो. पण रंगावरून खडकाचं नाव कधीही ठरवू नका, चिमूटभर लोखंड अख्ख्या दगडाला रंगवून जातं.

टंबलर

दगड पॉलिश करतो त्या अनुभवातून तीन गोष्टी, कारण पुढे कोणीतरी विचारणारच.

ओला दगड सुंदर दिसतो कारण पाणी पृष्ठभागावरचे बारीक ओरखडे भरून काढतं आणि उजेड विखुरत नाही. सुकला की परत फिका. चर्टला खरं पॉलिश बसतं आणि ते टिकतं. मडस्टोन, शेलला बसत नाही, ते टंबलरमध्ये (दगड फिरवून घासायच्या यंत्रात) कठीण दगडांबरोबर टाकले तर आठवड्याभरात चिखल होऊन निघून जातात, वर चर्टच्या कडाही खराब करतात. एका वेळी एकाच कठीणपणाचे दगड.

चर्ट, सिल्टस्टोन, वालुकाश्म कोरडे घासू किंवा कापू नका. सिलिकाची धूळ फुप्फुसात बसते आणि बाहेर येत नाही, त्यातून सिलिकोसिस होतो. कायम पाण्याखाली घासा, साचलेला गाळ सुकायच्या आत पुसून घ्या.

आणि नदीतला दगड शेकोटीत किंवा शेकोटीच्या कडेला कधीच ठेवू नका. आत भेगांत पाणी अडकलेलं असतं, त्याची वाफ होऊन दगड फुटतो आणि तुकडे उडतात.

काठावरची

या सगळ्यात ४ नंबर गेला. परवा चाचण्या झाल्यावर लाल माती धुवावी म्हणून वाडग्यात पाण्यात टाकला आणि विसरले. सकाळी बाहेर काढून खिडकीत ठेवला. दुपारी बघते तर कागदाच्या थप्पीसारखा सुटलेला, हात लावला तर पापुद्रे. मला खरंच वाईट वाटतंय, कारण एवढी वर्षं नदीच्या पाण्यात होताच की तो, मग माझ्याच वाडग्यात का फुटला?

मातीचा_वास

पाण्याने नाही, सुकण्याने फुटला. चिकणमातीची काही खनिजं पाणी घेऊन फुगतात आणि सुकली की आक्रसतात. नदीत कायम ओला असेल तर तग धरतो, पण ओलं-सुकं-ओलं-सुकं असं झालं की एका फेरीत नाहीतर दोन-तीन फेऱ्यांत उकलतो. तुमच्याकडे येऊन तो आधी सुकला, मग भिजला, मग उन्हात परत सुकला. पापुद्रे टाकू नका, मडस्टोनची ओळख पटवणारा याहून चांगला पुरावा नाही.

भिंगवाला

ताई, त्या पापुद्र्यांत एक मोठी गोष्ट आहे, ती सांगायची राहिली होती. जगातल्या गाळाच्या खडकांत निम्म्याहून जास्त वाटा चिखलाच्या खडकांचा आहे, शेल, मडस्टोन, सिल्टस्टोन मिळून. पण नदीच्या गोट्यांत ते त्या मानाने फारच कमी दिसतात. का, तर ते टिकतच नाहीत, मूळ जागेपासून थोडं अंतर गेले की परत चिखल होतात. चर्ट आणि क्वार्टझाइट मात्र लांबच लांब जातात. म्हणून जसजसं खाली जाल तसतसे गोट्यांत कठीण दगडच उरत जातात. स्टर्नबर्गने १८७५ मध्ये ऱ्हाइन नदीचे गोटे तपासून मांडलं होतं की खाली जाताना गोट्याचं वजन एका ठरावीक प्रमाणात घटत जातं, आणि मऊ दगडांचं अर्थातच भराभर.

आता उलटं वाचा. तुमच्या हाताला नाण्याने ओरखडणारा, सुकल्यावर उकलणारा लाल गोटा मिळाला. असा दगड लांबून येऊच शकत नाही. म्हणजे त्याचा मूळ थर जवळ आहे, वरच्या अंगाला, बहुधा त्याच काठात. चर्टबद्दल असं म्हणता येणार नाही, तो कुठूनही आला असेल. चर्ट सापडला तर ठेवून द्या, मडस्टोन सापडला तर प्रवाहाच्या उलट्या दिशेने चालायला लागा. लाल गोटे मोजत जा. संख्या वाढतेय आणि कडा टोकदार होतायत तोवर चालत राहा, एकदम बंद झाले की तुम्ही थराच्या पुढे गेलात, मागे फिरा. पाणी कमी असताना जा, एकट्या जाऊ नका, आणि पोखरलेल्या काठाच्या खाली उभ्या राहू नका. संरक्षित भाग असेल तर उचलायचं नाही, बघून यायचं.

संथवाहिनी

काका हा प्रतिसाद मी जपून ठेवतेय.

काठावरची

आठ दिवसांनी लिहितेय, कारण आज जाऊन आलो, मी आणि भाऊ.

जिथे ४ नंबर मिळाला होता तिथे वीस पावलांत लाल गोटे मोजले, सात होते. वर चालत गेलो, शंभरेक पावलांवर सोळा, आणि त्यांच्या कडा कमी गोल. पुढच्या वळणावर मोजायचं सोडून दिलं, सगळीकडे लालच, आणि गोटे नव्हेतच, चौकोनी तुकडे, हातात घेतले तर टोचत होते. चर्ट आणि चुनखडक मात्र तिथेही तसेच गोल गुळगुळीत पडलेले, त्यांच्यात काहीच फरक नाही. एकाच ठिकाणी, एकाच पाण्यात, एक कोवळा आणि एक म्हातारा. हे मला आधी कधी दिसलंच नसतं.

वळणाच्या बाहेरच्या बाजूला काठ कापलेला आहे आणि त्यात गुडघ्याच्या उंचीवर लाल पट्टा, वर पिवळसर थर, खाली हिरवट. हिरवट थरातून ५ नंबरसारख्या चकत्या बाहेर डोकावतायत! लांबूनच बघितलं, काठाखाली गेलो नाही. त्यातून सुटून पाण्याच्या कडेला पडलेली एक लाल फरशी होती, दोन्ही हातांत मावेल एवढी. उलटी केली तर खालच्या बाजूला उंचावलेल्या रेघांचं जाळं, सुकलेल्या डबक्याच्या तळाला भेगा पडतात ना, अगदी त्याच नक्षीचं. भाऊ म्हणाला हा चिखल कधीतरी उन्हात सुकला होता आणि मग वरून नवा गाळ येऊन भेगांत भरला.

फरशी तिथेच ठेवली, ओली, सावलीत, नक्षीची बाजू खाली करून.